सभोवारचा आवाज आणि शेजारधर्म

एखाद्या शब्दाचे नशीब कसे फिरेल ते सांगता येत नाही. 'डॉल्बी' हा शब्दच पाहा. सातारा-कोल्हापुराकडे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत म्हणजे डॉल्बी. आमच्या ठाणे-कल्याणकडे तिला बहुधा डीजे म्हणतात. पण डॉल्बी म्हटले तरी कोणी अर्थ विचारीत नाही. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या, घरातल्या वृद्धांनी छातीवर हात ठेवला, की समजावे डॉल्बी आली. भाषेचा शिक्षक या नात्याने मला या शब्दाची मोठी मौज वाटते. कारण ज्या माणसाचे हे आडनाव, त्याने नाव कमावले ते गोंगाट वाढवून नव्हे, गोंगाट घालवून.

रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते. जन्म 1933 सालचा. केंब्रिज विद्यापीठात पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट मिळविल्यावर संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून ते दोन वर्षे आपल्या भारतातच होते. येथून परत गेल्यावर 1965 साली लंडनमध्ये त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. त्या काळी टेपवर गाणे मुद्रित केले की गाण्याच्या मागे एक बारीक खरखर सतत ऐकू येई. डॉल्बींची युक्ती अशी : गाण्यातला हळू भाग मुद्रित करताना मुद्दाम वाढवून घ्यावयाचा, आणि वाजविताना तेवढाच उतरवावयाचा. गाणे आपल्या मूळ जागी येते आणि टेपची खरखर मात्र त्याबरोबर खाली दबते. म्हणजे या गृहस्थांची पहिली कमाई शांततेची होती, आणि आपण त्यांचे नाव दिले मिरवणुकीतल्या भिंतीला!

हे सांगण्याचे कारण, आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे तो या गैरसमजाशी जोडलेला आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत पुष्कळ घरांत आता होम थिएटर आले आहे. टीव्हीच्या खाली एक जाडजूड रिसीव्हर, भोवती पाच स्पीकर आणि कोपऱ्यात सबवूफरची पेटी. ते घेणाऱ्याची समजूत अशी की, आता आवाज मोठा येणार. शेजाऱ्याची भीतीही तीच. माझे म्हणणे असे की, दोघांचीही समजूत अपुरी आहे. सभोवारचा आवाज म्हणजे मोठा आवाज नव्हे. यंत्र नीट लावले तर ते हळू आवाजातही अधिक ऐकविते. आणि आपल्या भागातील घरे, आपली कामाची वेळ आणि आपले शेजार पाहता, हळू ऐकविणे हीच त्याची खरी परीक्षा आहे.

प्रथम कानाचा विचार करू. डोळे मिटून ठाण्याच्या स्टेशनावर उभे राहा. कल्याणची गाडी कोणत्या बाजूने येते आहे, चहावाला किती जवळ आहे, मागून कोण धावत येत आहे, हे सारे तुम्हांला कळते. हे कळते ते दोन कानांमुळे. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय मध्ये डोके आल्यामुळे डाव्या कानाला तो थोडा मंद लागतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशेचा हिशेब मांडतो. पारसिकच्या बोगद्यातून पूर्वी जलद लोकल जात असत. ज्यांनी तो प्रवास केला आहे त्यांना आठवत असेल, गाडी आत शिरताच आवाज क्षणात चारी बाजूंनी अंगावर येई. डोळ्यांना काही दिसत नसतानाही आपण बंदिस्त जागेत आलो हे कानच सांगत. ध्वनी आपल्याला जागा सांगतो, ती ही अशी.

सिनेमाला हे साधण्यास बराच काळ लागला. बोलपट आला तेव्हा आवाजाची वाट एकच होती. प्रभातचा 1936 सालचा 'संत तुकाराम' घ्या; त्यातला प्रत्येक अभंग आणि प्रत्येक संवाद एकाच वाटेने येतो. इंग्रजीत या वाटेला चॅनेल म्हणतात. पण टीव्हीच्या चॅनेलशी घोटाळा होऊ नये म्हणून मी येथे 'वाट' हाच शब्द वापरणार आहे. 1940 साली वॉल्ट डिस्ने यांच्या 'फँटेशिया' या चित्रपटात अनेक वाटांचा प्रयोग झाला. आपल्याकडे 1975 साली 'शोले' 70 मिलिमीटरच्या भव्य पडद्यावर स्टिरिओ आवाजासह आला, तेव्हा अनेकांनी आवाजाला दिशा असते हे थिएटरात प्रथमच अनुभवले.

पुढे अंकांचे युग आले. 1992 साली 'बॅटमन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल ही पद्धत आली आणि 1993 साली 'जुरासिक पार्क' बरोबर डीटीएस. दोघांची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. फिल्मच्या कडेला दातेरी चाकासाठी भोके असतात. डॉल्बीने आवाजाचे अंक त्या दोन भोकांमधल्या चिमुकल्या जागेत ठिपक्यांच्या रूपाने छापले. डीटीएसने आवाज वेगळ्या सीडीवर ठेवला आणि फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा छापल्या. त्या खुणा पाहून सीडी फिल्मच्या पावलावर पाऊल टाकीत चाले. हीच दोन घराणी पुढे डीव्हीडीच्या मार्गाने आपल्या दिवाणखान्यात आली.

आता 'फाइव्ह पॉइंट वन' हा शब्द आपण दुकानात ऐकतो, त्याचा अर्थ पाहू. पाच वाटा पूर्ण आवाजाच्या : समोर डावी, समोर उजवी, समोर मधली, आणि बाजूला किंचित मागे डावी व उजवी. सहावी वाट केवळ अतिखर्जाच्या आवाजासाठी, म्हणजे ढगांचा गडगडाट, स्फोट, इंजिनाची धडधड यांसाठी. सुमारे 120 कंपनांच्या वरचा आवाज तिच्यात नसतो, म्हणून तिला पूर्ण एक न म्हणता 'पॉइंट वन' म्हटले. या सहांत सर्वांत महत्त्वाची वाट कोणती? जिचे कौतुक सर्वांत कमी होते ती, समोरची मधली. पात्रांचे बोलणे बहुतेक सारे तिच्यातून येते. हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

या सहा वाटा जशाच्या तशा साठविल्या तर पसारा फार होतो. एका वाटेसाठी सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येक नमुना 16 अंकांचा. म्हणजे 7,68,000 अंक. सहांचे झाले सुमारे 46 लाख. डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटल हे सारे सेकंदाला 4,48,000 अंकांत बसविते, म्हणजे जवळजवळ एक दशांशात! बाकीचे जाते कोठे? लोकलचा भोंगा वाजत असताना शेजारचा माणूस काय पुटपुटला ते आपल्याला ऐकू येत नाही. तद्वत् मोठ्या आवाजाच्या सावलीतला बारीक आवाज कानाला कळत नाही, तो वगळावयाचा किंवा थोडक्यात टिपावयाचा. डीटीएस हेच काम डीव्हीडीवर अधिक ऐसपैस, सेकंदाला 7 लाखांहून अधिक अंक घेऊन करते. ब्ल्यू-रे तबकडीवर डॉल्बी ट्रू-एचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे प्रकार आले; त्यांत काहीच गाळलेले नसते.

थोडक्यात, तबकडीवरून किंवा इंटरनेटवरून येते ते घट्ट बांधलेले गाठोडे असते. ते सोडविणे, त्यातल्या सहा वाटा वेगळ्या करणे आणि ज्याचा त्याला देणे हे रिसीव्हरचे काम. आणि नेमकी येथेच गाडी अडते.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ डोंबिवली पूर्वेला राहतात. मुंबईच्या एका कचेरीत नोकरी. सकाळी सातच्या सुमारास घर सोडावयाचे, रात्री नऊला परतावयाचे. बोनसच्या पैशांतून त्यांनी हौसेने रिसीव्हर आणि स्पीकर घेतले. टीव्हीवर इंटरनेटवरून चित्रपट लावावयाचा आणि आवाज टीव्हीतून एका तारेने रिसीव्हरकडे न्यावयाचा, अशी व्यवस्था. पाचही स्पीकर वाजत होते. घरचे खूश होते. पण त्यांच्या आई म्हणत, "अरे, आवाज सगळीकडून येतोय, पण बोलताहेत काय ते कळत नाही." म्हणून आवाज वाढवावयाचा, वाढवला की मारामारीच्या प्रसंगी घर हादरे, खालच्या मजल्यावरून बेल वाजे. असे वर्षभर चालले होते.

एका रविवारी मी गेलो असता आम्ही रिसीव्हरच्या तोंडावरची काचेची पाटी वाचली. पाचही स्पीकर वाजत होते खरे, पण पाटीवर अक्षरे होती 'पीसीएम' आणि 'स्टिरिओ'. म्हणजे टीव्हीने गाठोडे स्वतःच सोडले होते, सहा वाटांच्या दोन केल्या होत्या आणि त्या दोनच पुढे पाठविल्या होत्या. रिसीव्हर बिचारा तोच आवाज पाचही ठिकाणी वाटीत होता. मधल्या वाटेतले बोलणे आता सर्व स्पीकरांत पातळ होऊन पसरले होते, आणि मातोश्रींच्या मागच्या बाजूनेही नायिका बोलत होती!

म्हणून पहिला नियम हा : कानावर विश्वास ठेवण्याआधी पाटी वाचा. तेथे 'डॉल्बी डिजिटल', 'डॉल्बी डिजिटल प्लस' किंवा 'डीटीएस' असे आले तर गाठोडे बंद स्थितीत पोचले, आणि ते उघडणारा रिसीव्हर आहे. 'पीसीएम' आले आणि वाटा दोनच दिसल्या तर कोठेतरी आधीच गाठ सुटली. तेव्हा टीव्हीच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये जावे. 'डिजिटल आउटपुट' या नावाखाली 'पीसीएम', 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' असे पर्याय असतात. पीसीएम सोडून पुढच्यांपैकी एक निवडावा. डीव्हीडी वा ब्ल्यू-रे यंत्रातही अशीच निवड असते. त्या गृहस्थांच्या घरी हे काम दोन मिनिटांचे निघाले. मधल्या स्पीकरमधून बोलणे स्वच्छ येऊ लागताच मातोश्री म्हणाल्या, "आता बरं ऐकू येतंय, थोडं कमी कर." 'कमी कर' हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात.

तारेविषयीही थोडे सांगावयास हवे. जुनी तार म्हणजे प्रकाशाची, ऑप्टिकल. तिच्यातून दोन वाटांचा मोकळा आवाज किंवा साध्या डॉल्बी डिजिटलचे व डीटीएसचे गाठोडे जाऊ शकते. ब्ल्यू-रेवरचे न गाळलेले आवाज तिच्यात मावत नाहीत. दुसरी एचडीएमआय. ब्ल्यू-रे यंत्र थेट रिसीव्हरला जोडावे आणि रिसीव्हरमधून चित्र टीव्हीकडे न्यावे हे सर्वांत उत्तम. चित्रपट टीव्हीतीलच ॲपवर पाहावयाचा असेल तर आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे आणावा लागतो. त्यासाठी टीव्हीच्या ज्या भोकावर 'एआरसी' असे लिहिलेले असते तेथेच तार लावावी. शेजारच्या भोकात लावली तर आवाज परत येत नाही. 2009 सालच्या एचडीएमआय 1.4 पासून ही सोय आली. 2017 सालच्या 2.1 बरोबर तिची मोठी बहीण 'ई-एआरसी' आली. तिच्यातून न गाळलेले आवाजही जातात. काही टीव्ही डीटीएसचे गाठोडे पुढे पाठवीतच नाहीत. तबकडी डीटीएसची असेल आणि आवाजच येत नसेल, तर रिसीव्हर बिघडला असे मानण्याआधी ही शंका घ्यावी.

येथे एक इशारा. रिसीव्हरवर 'ऑल चॅनेल स्टिरिओ', 'हॉल', 'स्टेडियम' अशी मोहक नावे असलेली बटणे असतात. ती दाबली की सगळे स्पीकर जोरात वाजू लागतात आणि पाहुण्यांना वाटते, हेच सराउंड. ते खरे नव्हे. मूळ आवाज जितक्या वाटांचा, तितक्याच वाटांनी तो ऐकावा. जुन्या एकवाटी चित्रपटांसाठी मात्र डॉल्बीचीच एक युक्ती उपयोगी आहे. प्रो लॉजिक किंवा आताचे डॉल्बी सराउंड लावले, तर दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज ते मधल्या स्पीकरकडे वळविते. 'संत तुकाराम' असा लावून पाहा. विष्णुपंत पागनीस पडद्याच्या मधूनच गाऊ लागतात, आणि ते योग्यच आहे.

गाठोडे नीट आले, नीट सुटले. आता ठेवणे. आपल्याकडचा दिवाणखाना म्हणजे हॉल, बहुधा दहा फूट बाय बारा फूट. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला सोफा, मध्ये टीपॉय, कोपऱ्यात कपडे वाळत घालण्याचा स्टँड. परदेशी पुस्तकांतले आराखडे येथे कसे लागू पडावेत? पण तत्त्वे लागू पडतात. समोरचे दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. बसण्याची जागा टीव्हीपासून आठ फुटांवर असेल तर स्पीकरांतही सातआठ फुटांचे अंतर हवे. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली ठेवतात. त्याचे तोंड गुडघ्यांकडे न राहता कानांकडे वळेल असे त्याला पुढून थोडे उचलावे. मागचे म्हणविणारे स्पीकर खरे तर बाजूचे असतात. कानांच्या रेषेपासून थोडे मागे, आणि बसलेल्या माणसाच्या कानाहून थोडे उंच. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर त्यांना डोक्यामागे कोंबू नये. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावावे.

यानंतर रिसीव्हरला प्रत्येक स्पीकरचे अंतर सांगावयाचे. हे का? आवाज एक मीटर जाण्यास सेकंदाचे सुमारे तीन हजारांश घेतो. समोरचा स्पीकर अडीच मीटरवर आणि बाजूचा एका मीटरवर असेल तर बाजूचा आवाज चार हजारांश सेकंद आधी पोचेल. आणि कानाचा स्वभाव असा की, जो आवाज आधी पोचतो त्याच्याकडे तो वळतो. अंतर सांगितले म्हणजे रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवून ठेवतो. पाठोपाठ प्रत्येक स्पीकरची पातळी सारखी करावयाची. त्यासाठी रिसीव्हर स्वतःच एक 'श्श्श' असा चाचणीचा आवाज काढतो. हल्ली बहुतेक रिसीव्हरांबरोबर छोटा माइक येतो. तो बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवला आणि पंखा बंद करून घर पाच मिनिटे शांत ठेवले, तर हे हिशेब यंत्र आपणच करते. ठाणे-डोंबिवलीत पाच मिनिटे शांतता मिळणे हेच काय ते अवघड! रिक्षाचा हॉर्न आणि गाडीची घोषणा चुकवून वेळ निवडावी. पुढे छोटे स्पीकर 'स्मॉल' म्हणून नोंदवावे आणि 80 कंपनांखालचा आवाज सबवूफरकडे सोपवावा. त्यामुळे लहान स्पीकरांचा जीव मेटाकुटीला येत नाही.

सबवूफरची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तेथे खोलीच वाद्य बनते. बारा फूट म्हणजे सुमारे 3.66 मीटर. एवढ्या लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे 47 कंपनांचा आवाज दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. दहा फुटांच्या बाजूत 56 कंपनांचा घुमतो. त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर एका सुरावर भुंकतो, आणि खोलीच्या मध्यावर तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. उपाय गमतीचा आहे. सबवूफरच काही वेळ सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा. खर्जाचा सलग आवाज लावावा. आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरावे. जेथे आवाज घुमत नाही आणि हरवतही नाही, ती सबवूफरची जागा. मुलांना हा खेळ आवडतो.

खोलीचा दुसरा दोष म्हणजे प्रतिध्वनी. गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती, काचेची सरकती खिडकी. मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' असा आवाज आला तर भिंती आवाज एकमेकींकडे फेकीत आहेत. बोलण्यातली व्यंजने यातच हरवतात. जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट, एवढ्याने पुष्कळ काम होते. आणि डोंबिवलीकराकडे पुस्तकांचे कपाट बहुधा असतेच.

व्यंजनांचा उल्लेख आला म्हणून भाषेच्या शिक्षकाचे दोन शब्द. स्वर हे भारदस्त असतात. त्यांचा जोर खालच्या सुरांत असतो. 'स', 'श', 'फ', 'त', 'थ' यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या सुरांत असते, आणि ती मुळातच क्षीण असतात. वय वाढले की कान प्रथम वरचे सूरच गमावतो. म्हणून आजीला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. तिला आवाज मोठा नको असतो, स्वच्छ हवा असतो. मधल्या स्पीकरची पातळी दोनतीन डेसिबलने वाढविणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. आणि वाटा वेगळ्या आल्या असतील तरच तो करता येतो. बोलणे संगीतात कालवून आले तर एकाला वाढविताना दुसरेही वाढणारच. माझ्या मते घरातल्या वृद्धांना कथानकात सामावून घेणे, हा या सहा वाटांचा सर्वांत मोठा उपयोग आहे.

आता रात्रीचा प्रश्न. आमच्याकडचा नोकरदार माणूस घरी येतो नऊला. जेवण होऊन तो सोफ्यावर बसतो तेव्हा दहा वाजलेले असतात. आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र सुरू होते तीही दहालाच. ती सकाळी सहापर्यंत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 अशी मर्यादा त्यांत दिली आहे, आणि खाजगी जागेतल्या ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या पातळीहून 5 डेसिबलपेक्षा अधिक वर जाता कामा नये असे म्हटले आहे. आपले साधे बोलणे एका मीटरवर सुमारे 60 डेसिबल भरते, यावरून कल्पना करावी. चित्रपट तयार होतो तो थिएटरसाठी, जेथे एका वाटेचा जोराचा आवाज 105 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे आपल्याला चित्रपट पाहण्यास जी एकच वेळ मिळते, ती शेजाऱ्याच्या झोपेची वेळ असते. त्यालाही पहाटेची लोकल पकडावयाची असते.

या पेचावर तोड काय? मौज अशी की, ती गाठोड्यातच बांधून आलेली असते. डॉल्बी डिजिटलच्या अंकांबरोबर काही सूचनाही येतात : बोलण्याची सरासरी पातळी कोणती, आणि मोठा आवाज किती दाबावा व हळू आवाज किती उचलावा. रिसीव्हरवर 'नाइट मोड', 'लेट नाइट' किंवा 'डायनॅमिक रेंज' असे जे बटण असते, ते या सूचना अमलात आणते. स्फोट खाली येतो, कुजबुज वर येते, आणि मधले बोलणे जागेवर राहते. हळू ते वाढवावे, मोठे ते आवरावे. डॉल्बींच्या पहिल्या युक्तीची आठवण येथे येते की नाही? पण हे बटण कोणी दाबीत नाही, कारण घेताना ते कोणी दाखविलेले नसते.

दुसरी गोष्ट सबवूफरची. वरचे सूर भिंतीला अडतात; खर्ज अडत नाही. तो स्लॅबमधून आणि खांबांतून खाली उतरतो. खालच्या घरात शब्द एकही पोचत नाही, फक्त 'धम्, धम्' पोचते, आणि अर्थ नसलेला आवाज फार छळतो. म्हणून सबवूफर थेट लादीवर न ठेवता जाड रबराच्या किंवा फोमच्या गादीवर ठेवावा, आणि दहानंतर त्याची पातळी स्वतंत्रपणे उतरवावी किंवा तो बंदच करावा. कथा सबवूफरवाचून कळते. मधल्या स्पीकरवाचून कळत नाही.

एवढे केल्यावर एक प्रयोग करा. 2016 सालच्या 'सैराट'चे संगीत अमेरिकेत सोनीच्या स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदासह मुद्रित झाले होते. किंवा 2015 सालचा 'कट्यार काळजात घुसली' घ्या. गाठोडे पूर्ण मिळेल अशी प्रत लावा आणि आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा. वाद्ये समोर पसरतील, दरबाराची पोकळी बाजूंनी जाणवेल, आणि शब्द मधोमध उभा राहील. दिशा वेगळ्या झाल्या की प्रत्येक आवाजाला आपली जागा मिळते. आणि जागा मिळाली की त्याला ओरडावे लागत नाही. गर्दीच्या डब्यातला प्रवासी ओरडतो, खिडकीशी निवांत बसलेला हळू बोलतो, तसेच हे आहे.

2012 साली डॉल्बी ॲटमॉस आले आणि 2014 पासून घरोघरी येऊ लागले. त्यात आवाज ठरावीक वाटांना बांधलेला नसतो. हेलिकॉप्टर खोलीत कोठे आहे ती जागाच नोंदलेली असते, आणि तुमच्याकडे किती स्पीकर आहेत ते पाहून रिसीव्हर वाटणी करतो. छतातूनही आवाज येतो. पण ज्याचे पाच स्पीकर अजून धड लागलेले नाहीत त्याने छताला भोके पाडण्याची घाई करू नये. पाटीवर 'स्टिरिओ' असताना घेतलेला सातवा आणि आठवा स्पीकर हा पैशाचा अपव्यय आहे. आणि एक किरकोळ सूचना : रिसीव्हर तापतो, त्याला शोकेसच्या काचेआड कोंडू नये, वर चार बोटे तरी जागा सोडावी.

तात्पर्य काय, तर चांगले यंत्र लावणे हे केवळ तारा जोडणे नव्हे. आधी पाटी वाचावी, मग अंतरे आणि पातळ्या जुळवाव्या, खोलीला पडदा द्यावा, आणि दहा वाजले की रात्रीचे बटण दाबावे. यातल्या एकाही गोष्टीला फारसा पैसा पडत नाही. अर्धा रविवार पडतो.

रेडिओवरचे माझे हे भाषण आपल्यापर्यंत एकाच वाटेने येत आहे, आणि एकट्या बोलणाऱ्याला ती पुरेशी आहे. चित्रपटाला सहा वाटा लागतात, त्याचा हक्क त्याला द्यावा. पण घराला आणखी एक वाट असते, भिंतीपलीकडे जाणारी. तिच्यावरून किती आवाज सोडावयाचा, हे कोणताही रिसीव्हर ठरवीत नाही. ते आपणच ठरवावयाचे असते.